कॉमन नावाच्या लेखकाचे पेपर शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायब्ररीत रेफरन्सच्या टेबलावर बसून मी बरीच वर्षं लोकांना पेपर, म्हणजे संशोधनाचे लेख, शोधून देतेय, आणि सगळ्यात जास्त वेळ कशात जातो म्हणाल तर एकाच नावाच्या वीस माणसांतून हवा तो एक माणूस वेगळा काढण्यात. प्रश्न तेच तेच येतात म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतेय. नावं आणि कमांड सर्चमध्ये इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या, इथे वाचायला सोपं पडावं म्हणून देवनागरीत लिहिल्यात.

प्र. नाव टाकलं की हजारो रिझल्ट येतात, सुरुवात करायची कुठून?

नावापासून करूच नका. ज्या माणसाला शोधताय त्याचा एक तरी पेपर असा हातात घ्या जो शंभर टक्के त्याचाच आहे, मग तो तुमच्या सरांनी दिलेला असो, कुणाच्या संदर्भसूचीत दिसलेला असो किंवा थीसिस असो. त्याची पीडीएफ उघडा आणि पहिलं पान सावकाश वाचा. नाव नेमकं कसं छापलंय, मधलं इनिशियल आहे का, डिपार्टमेंट कुठलं, ईमेल काय, सोबतचे लेखक कोण, साल कुठलं, हे सगळं एका कागदावर उतरवून घ्या. मग शेवटच्या पानांवर या. आभारात गाइडचं नाव असतं, निधी कुठून मिळाला त्याचा ग्रँट नंबर असतो, आणि संदर्भसूचीत बहुतेक लेखक स्वतःचे जुने पेपर देतातच, तिथून तीन-चार पेपर तर बसल्या जागी मिळतात. आता हेच पेपर पुढे कोणी सायट केलेत, म्हणजे आपल्या संदर्भसूचीत दिलेत, ते बघा, कारण तो माणूस नंतरच्या पेपरमध्ये पुन्हा स्वतःलाच सायट करतो. म्हणजे मागे संदर्भसूचीतून जायचं आणि पुढे सायटेशनमधून. नावाचा सर्च यानंतर, राहिलेली भोकं बुजवायला.

लोक उलटं करतात, आधी नाव टाकतात आणि मग आलेल्या ढिगातून हा असेल, तो नसेल असं अंदाजाने निवडत बसतात, आणि चुका नेमक्या तिथे होतात.

प्र. पण एवढी सारखी नावं येतात कुठून?

एक तर काही आडनावं खरंच प्रचंड पसरलेली आहेत. दक्षिण कोरियात साधारण पाचातल्या एका माणसाचं आडनाव किम आहे, आणि चीनमध्ये वांग, ली, झांग या तिन्ही आडनावांची माणसं कोटींनी मोजावी लागतात. त्यात चिनी नाव रोमन लिपीत आलं की मूळ लिपीत वेगवेगळी दिसणारी कितीतरी नावं एकाच स्पेलिंगमध्ये जाऊन बसतात.

दुसरं कारण आपल्या लक्षात येत नाही, ते म्हणजे इनिशियल. सुनीता कुमार, संजय कुमार, शैलेश कुमार ही समोर उभी राहिली तर तीन वेगळी माणसं, पण जर्नलच्या पानावर तिघंही एस. कुमार. कित्येक जर्नलांनी वर्षानुवर्षं फक्त इनिशियल छापलंय, त्यामुळे तिथे पूर्ण नाव कधी नव्हतंच, तुम्ही कितीही शोधा ते मिळणार नाही.

प्र. गूगल स्कॉलरमध्ये नीट सर्च कसा करायचा?

स्कॉलर, म्हणजे गूगलचं पेपर शोधायचं सर्च, 2004 पासून आहे आणि पसारा फार मोठा आहे, म्हणून सुरुवातीला सगळे तिथेच जातात, जायलाही हरकत नाही. नुसतं नाव न टाकता ऑथर हा शब्द, मग कोलन, आणि नाव अवतरण चिन्हांत, असं टाका: ऑथर:"एस कुमार". याच्यापुढे विषयाचा एक खास शब्द जोडा. खास म्हणजे खास, "माती" नको, "नायट्रिफिकेशन" हवा. मग को-ऑथरचं आडनावसुद्धा तशाच दुसऱ्या ऑथर कमांडने जोडा, हे सगळ्यात गुणकारी, कारण एक कॉमन नाव आणि एक जरा वेगळं नाव एकत्र आलं की ढीग एकदम आटतो.

डाव्या बाजूला सालांचा फिल्टर आहे तो जरूर वापरा. एका सर्चमध्ये स्कॉलर जास्तीत जास्त 1000 रिझल्टच दाखवतं, वरती आकडा लाखाचा दिसला तरी, त्यामुळे मोठा सर्च असेल तर पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडून बघायचं.

आणि प्रोफाइलबद्दल: स्कॉलरचं प्रोफाइल तो लेखक स्वतः बनवतो, पण नवे पेपर त्यात आपोआप जोडले जाण्याची सोय असते आणि ती चालू ठेवून लोक विसरून जातात, मग दुसऱ्याचे पेपर येऊन पडतात. प्रोफाइलवर नाव आणि फोटो आहे म्हणजे खालची यादी तपासलेली आहे असं धरू नका.

प्र. ऑर्किड आयडी मिळाला की झालं ना काम?

मिळाला तर उत्तमच. ऑर्किड म्हणजे प्रत्येक लेखकाला मिळणारा स्वतःचा वेगळा ओळख नंबर. ते 2012 मध्ये सुरू झालं, 16 आकड्यांचा नंबर असतो, चार-चारचे चार गट, शेवटचा आकडा तपासणीचा आणि तिथे कधीकधी एक्स अक्षर दिसतं, ती टायपिंगची चूक नाही. नाव बदललं, नोकरी बदलली, देश बदलला तरी नंबर तोच राहतो.

पण तीन गोष्टी लक्षात घ्या. आयडी माणूस स्वतः काढतो, त्यामुळे 2012 च्या आधी निवृत्त झालेल्या किंवा वारलेल्या लेखकांचा मिळण्याची आशा सोडा. कितीतरी ऑर्किड पानं रिकामी असतात, जर्नलने सबमिट करताना मागितला म्हणून काढला आणि पुन्हा तिकडे फिरकलेच नाहीत. आणि काहींचे चुकून दोन-दोन असतात. म्हणून ऑर्किडवरची यादी म्हणजे "एवढे तरी याचे आहेत" असं समजा, "एवढेच आहेत" असं नाही.

प्र. पबमेडमध्ये पूर्ण नाव टाकलं तर जुने पेपर गायब होतात, असं का?

कारण पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकशास्त्राच्या पेपरांच्या डेटाबेसमध्ये, पूर्ण नावं 2002 पासूनच्या पेपरांनाच आहेत, तीही जर्नलने छापली असतील तर. त्याआधीचं सगळं आडनाव आणि इनिशियलवर. तुम्ही पूर्ण नावाने शोधलं की 1995 चा पेपर येणारच नाही, तो असतो तिथेच पण तुमच्या सर्चला दिसत नाही. म्हणून दोन वेगळे सर्च करा, एक पूर्ण नावाचा आणि एक आडनाव-इनिशियलचा. आडनाव, मग इनिशियल, मग चौकटी कंसात एयू. इनिशियल एकच टाकलं तर मधलं इनिशियल काहीही असलेले सगळे येतात, ते नको असतील तर नाव अवतरण चिन्हांत टाका.

पत्त्यावरून गाळताना तर अजून जपून. 1988 पासून पुढे कित्येक वर्षं फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवायचे, सगळ्या लेखकांचे पत्ते 2014 पासून यायला लागले. म्हणजे तुमचा माणूस 2005 च्या पेपरमध्ये चौथा लेखक असेल तर त्याच्या संस्थेचं नाव त्या नोंदीत नाहीच, आणि संस्थेचा फिल्टर लावला की तो पेपर हातचा गेला. लेखकांच्या संख्येवरसुद्धा मर्यादा होती, 1984 ते 1995 मध्ये पहिले 10 आणि 1996 ते 1999 मध्ये 25. अकरावा लेखक असलेला माणूस त्या काळच्या नोंदीत सापडत नाही म्हणून त्याने पेपर लिहिला नाही असं म्हणणं त्याच्यावर अन्यायच आहे, तिथे मूळ जर्नल उघडूनच बघावं लागतं.

प्र. स्कोपस, ओपनअ‍ॅलेक्स वगैरे लेखकाचं पान आपोआप बनवतात, त्यावर विसंबायचं का?

सुरुवात म्हणून हो. हे सगळ्या विषयांच्या पेपरांचे मोठे डेटाबेस, तिथे प्रोग्राम नाव, पत्ता, को-ऑथर, विषय, सायटेशन हे सगळं जुळवून पेपरांचे गट पाडतो. ओपनअ‍ॅलेक्स 2022 मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचं अकॅडेमिक बंद झालं त्याच्या पाठोपाठ, आणि ते फुकट आहे. स्कोपसला वर्गणी लागते पण लेखक शोधण्यापुरता भाग मोकळा आहे.

चुका दोन तऱ्हेच्या होतात. एक, एकाच माणसाची तीन पानं बनतात, कारण त्याने विषय बदलला किंवा संस्था बदलली. दोन, तीन माणसांचं एक पान बनतं. पहिली चूक पकडायला सोपी, त्याच नावाची लहान लहान पानं, दोन पेपरवाली, तीन पेपरवाली, सगळी उघडून बघायची. दुसरी चूक जास्त त्रासदायक कारण पान बघताना सगळं व्यवस्थित वाटतं. मी काय करते तर पेपर सालाप्रमाणे लावते आणि नुसती शीर्षकं वरून खाली वाचत जाते. माती, माती, खत, माती, आणि मधेच डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया आली की तिथे थांबायचं. 1961 ते 2023 असा पेपरांचा पट्टा दिसला तरी थांबायचं, साठ वर्षं लिहिणारे लोक असतात, पण बहुतेक वेळा ते दोघं जण निघतात.

प्र. माझा लेखक गणितातला आहे. कॉम्प्युटरवाल्यांचं आणि फिजिक्सवाल्यांचंही सांगा.

गणितवाले नशीबवान आहेत. मॅथमॅटिकल रिव्ह्यूज 1940 पासून चालू आहे आणि कुठला पेपर कुठल्या माणसाचा हे त्यांच्याकडे माणसं बसून ठरवत आलीत, ते सगळं आता मॅथसायनेटमध्ये मिळतं. त्याला वर्गणी लागते, पण तसंच असलेलं झेडबीमॅथ 2021 पासून सगळ्यांना मोकळं झालंय आणि तिथेही लेखकांची वेगळी पानं आहेत.

कॉम्प्युटर सायन्सला डीबीएलपी हा डेटाबेस. तिथली पद्धत मला फार आवडते, एकाच नावाची माणसं असली की नावापुढे चार आकडी नंबर लावतात, 0001, 0002 असे. वेई वांग या नावाचे नंबर शंभराच्या पुढे गेलेत! नंबर नसलेलं जे पान असतं त्यावर अजून कोणाचे ते न ठरलेले पेपर ठेवलेले असतात, ते पान एखाद्या माणसाचं आहे असं समजून उतरवून घेऊ नका.

फिजिक्सला अर्काइव्ह, लेखक आपले पेपर स्वतः चढवतात ती साइट, 1991 पासूनची. पेपर चढवणारा नाव जसं टाइप करेल तसं तिथे लागतं, त्यामुळे एकच माणूस तीन रूपांत दिसतो. हाय एनर्जी फिजिक्स असेल तर इन्स्पायर बघा, तिथे लेखकांची पानं नीट आहेत. पण या विषयात पेपरचे लेखकच हजारोंनी असतात, 2015 मध्ये अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून काढलेल्या एका पेपरवर 5154 लेखक आहेत. अशा पेपरवरून को-ऑथर जुळवायला गेलात तर सगळे सगळ्यांचे को-ऑथर निघतात आणि पुरावा म्हणून त्याला काही किंमत उरत नाही. असे पेपर बाजूला काढून ठेवा आणि लहान पेपरांवरून माणूस ओळखा.

प्र. स्पेलिंग किती तऱ्हेने करून बघायचं?

जितकी सुचतील तितकी, आणि जी सुचत नाहीत ती कॅटलॉगमधून घ्यायची. चेबिशेव्ह हे रशियन गणिती घ्या. इंग्रजीत त्यांचं नाव सीने सुरू होतं, पण जुन्या फ्रेंच आणि जर्मन पुस्तकांत टीने, आणि शेवट कुठे एकेरी व्ही, कुठे डबल एफ. त्यांच्या पॉलिनॉमियलना टी हे अक्षर लावतात ते त्या टीवाल्या स्पेलिंगमुळेच. सीवर शोधणाऱ्याला टीवरचं काहीच दिसत नाही.

जर्मन म्युलर तीन तऱ्हेने येतो, यूवर दोन टिंबं देऊन, यूनंतर ई लावून आणि नुसता यू. स्पॅनिश लोकांना दोन आडनावं असतात आणि यादीत पहिल्याखाली लागायला हवीत, पण इंग्रजी डेटाबेस खुशाल दुसऱ्याखाली लावतो. हंगेरियन, चिनी, कोरियन नावांत आडनाव आधी, तर नाव-आडनाव उलटं पडलेलं हमखास दिसेल, तेव्हा दोन्ही बाजूंनी शोधा. आणि ज्यांना आडनावच नसतं, म्हणजे आइसलँडचे लोक किंवा पुढे वडिलांचं इनिशियल लावणारे दक्षिण भारतीय, त्यांचं नाव डेटाबेसने कसं फोडलंय ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण पहिल्याच तासात सगळी रूपं एका कागदावर लिहून काढली आणि प्रत्येक डेटाबेसमध्ये तीच यादी चालवली तर नंतरचे चार तास वाचतात.

प्र. लेखिकेने लग्नानंतर आडनाव बदललंय, आधीचे पेपर कसे शोधू?

को-ऑथर धरून. आडनाव बदलतं पण गाइड, सहकारी आणि विषय सहसा एका रात्रीत बदलत नाहीत. बदलाच्या आसपासच्या दोन-तीन वर्षांतले तिच्या गाइडचे सगळे पेपर उघडा आणि तेच पहिलं नाव वेगळ्या आडनावाने दिसतंय का बघा. थीसिसही बघा, तो बहुधा जुन्या नावावर असतो आणि नंतरच्या पेपरमध्ये ती स्वतः त्याला सायट करते. नाव इतर कारणांनीही बदलतं आणि अलीकडे बरेच प्रकाशक जुन्या पेपरवर नवं नाव लावून देतात. अशा वेळी जुनं नाव सापडलं तरी ते सगळीकडे लिहीत सुटू नका, त्या माणसाने ते मागे ठेवलंय.

प्र. शंभर वर्षांपूर्वीचा लेखक असेल तर?

तिथे पेपरच्या डेटाबेसपेक्षा ग्रंथालयांची जुनी पद्धत कामाला येते. मोठी ग्रंथालयं नावापुढे जन्म-मृत्यूची सालं लावून माणसं वेगळी करतात, "स्मिथ, जॉन, 1580-1631" असं, मग दुसरा जॉन स्मिथ आपोआप बाजूला होतो. व्हीआयएएफ या साइटवर बऱ्याच देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या अशा नोंदी एकत्र जोडलेल्या आहेत आणि तिथेच त्या माणसाच्या नावाची सगळी रूपं मिळतात. मघाशी न सुचणारी स्पेलिंग कॅटलॉगमधून घ्या म्हटलं ते हेच.

स्कॅन केलेल्या जुन्या अंकांत अजून एक भानगड असते. मशीनने अक्षरं वाचताना आर आणि एन चिकटले की ते एम होतात, म्हणजे बर्न्स या आडनावाचं बम्स होतं. जेस्टोर किंवा इंटरनेट आर्काइव्ह या जुने अंक ठेवणाऱ्या साइटवर पेपर असायलाच हवा आणि येत नाही असं वाटलं तर नाव सोडा, शीर्षकातल्या दोन वेगळ्या शब्दांनी शोधा, नाहीतर त्या वर्षाची अनुक्रमणिकाच उघडून वाचा.

प्र. टोपणनावाने लिहिलेलं?

कमी असतं पण असतं. आकडेशास्त्रातला प्रसिद्ध टी-टेस्टचा 1908 चा पेपर "स्टुडंट" या नावाने छापलाय, खरा लेखक विल्यम गॉसेट. निकोला बुर्बाकी हा तर माणूसच नाही, फ्रेंच गणितींचा गट आहे. चांगल्या कॅटलॉगमध्ये दोन्ही नावं एकमेकांना जोडलेली असतात.

प्र. एआयला विचारलं तर यादी मिळत नाही का?

यादी मिळते, पण त्यात दोन माणसं एकत्र झालेली असतात आणि अस्तित्वात नसलेले पेपरही असतात, शीर्षक अगदी खरं वाटेल असं. प्रत्येक नोंदीचा डीओआय, म्हणजे त्या पेपरचा कायमचा नंबर, उघडून बघणार असाल तरच वापरा.

प्र. हा पेपर त्याच माणसाचा आहे हे शेवटी कशावरून ठरवायचं?

माझा हिशेब असा. ईमेल जुळला किंवा ऑर्किड जुळला तर प्रश्न मिटला. दोन किंवा जास्त को-ऑथर जुळले आणि विषयही जुळला तर जवळजवळ नक्की. ग्रँट नंबर जुळला तर तसंच. संस्था आणि विषय जुळले पण को-ऑथर एकही नाही, तर अजून एक पुरावा शोधायचा. नुसतं नाव आणि विषय जुळणं म्हणजे काहीच नाही.

संस्था आणि विषय पुरेसे का नाहीत हे मी चुकून शिकले. एका बाईंसाठी 43 पेपरांची यादी केली होती, मुलाखतीसाठी जायची होती. आडनाव, इनिशियल, डिपार्टमेंट, मातीचा विषय, सगळं जुळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, म्हणाल्या यातले तीन माझे नाहीत हो, आमच्याच डिपार्टमेंटला माझ्याआधी एक सर होते त्यांचे आहेत. पीडीएफ उघडून बघितल्या तर तिन्हींवर ईमेल वेगळा, पहिल्याच पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. मी पान उघडलंच नव्हतं, नोंदीवरून टिक केलं होतं. बाई प्रामाणिक होत्या म्हणून निभावलं, नाहीतर त्या सरांची कित्येक वर्षांची मेहनत माझ्या एका टिकने दुसऱ्याच्या नावावर गेली असती. तेव्हापासून पहिलं पान बघितल्याशिवाय मी एकही पेपर यादीत घेत नाही, यादी दोनशेची असली तरी.

प्र. यादी ठेवायची कशात?

साधी एक्सेल शीट पुरते. डीओआय, साल, छापलेलं नाव जसंच्या तसं, आणि एक कॉलम "कशावरून" असा. तो कॉलम रिकामा ठेवायचा नाही. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर तुम्हाला आठवणार नाही, शीटला आठवेल.

प्र. माझंच नाव कॉमन आहे, मी काय करू?

पहिल्या पेपरपासून नावाचं एकच रूप ठरवा, मधलं नाव पूर्ण घाला आणि पुन्हा बदलू नका. ऑर्किड काढा आणि खरंच भरा. संस्थेच्या ईमेलसोबत कायम राहणारा ईमेलही द्या. स्कोपसवर किंवा स्कॉलरवर दुसऱ्याचे पेपर तुमच्या पानावर दिसले तर काढून टाका किंवा कळवून दुरुस्त करून घ्या, आकडा वाढतोय म्हणून ठेवू नका. ते कोणाचे तरी आहेत आणि त्या माणसाच्या पानावर ते नाहीयेत.

प्र. सगळं करूनही चार-पाच पेपर कोणाचे ते कळतच नाही, मग?

मग ते वेगळ्या शीटवर "न ठरलेले" म्हणून ठेवा आणि यादी देताना तसं सांगून द्या. आणि लेखकाला सरळ ईमेल करा, पत्ता पेपरवर असतो. पेपरची शीर्षकं लिहा आणि हे तुमचे आहेत का एवढंच विचारा, दोन ओळींत. लोक उत्तर देतात, मला तर बहुतेकांनी दिलंय. एकदा एका प्राध्यापकांनी लिहिलं की पहिले दोन माझे, तिसरा माझा नाही पण तो कोणाचा ते मला माहितीये, वीस वर्षं तिची पत्रं माझ्याकडे आणि माझी तिच्याकडे जातायत, आणि खाली तिचा पत्ता दिला होता. तिला लिहिलं, तर तिच्याकडून आणखी सहा पेपर मिळाले जे कुठल्याच डेटाबेसमध्ये तिच्या नावावर नव्हते.